सोमवारी बाराच्या आत

एकतीस वर्षं मी एका सरकारी कार्यालयात लोकांचे अर्ज परत पाठवत आलो आहे. माझं कामच ते आहे. जोडपत्र नाही, परत. सही आहे पण तारीख नाही, परत. तारीख आहे पण मुदतीनंतरची आहे, तर असा अर्ज मी जरा जास्तच आनंदानं परत पाठवतो. समोरचा माणूस खिडकीशी उभा राहून "साहेब, एकच दिवस उशीर झाला" म्हणतो, तेव्हा मी चष्मा काढून त्याच्याकडे बघतो. चष्मा काढल्यावर मला काही दिसत नाही, पण परिणाम चांगला होतो. अशा माणसानं स्वतःच्या घरी कॉम्प्युटर जोडायला घेतला आणि सोबत आलेल्या माहितीपुस्तिका उघडल्यासुद्धा नाहीत, यात नवल काही नाही. सूचना वाचणं हे अर्जदारांचं काम असतं. आम्ही त्या काढतो.

कॉम्प्युटर मुलीसाठी होता. ती मेकॅनिकल इंजिनियर झाली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती आणि ही दोन वर्षं ती नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या घरात होती. रिकामी नव्हती. शिकवण्या घ्यायची, ऑनलाइन कोर्स करायची, मुलाखतींना जायची. मुलाखतीहून आली की "बरी झाली" एवढंच सांगायची आणि भाजी निवडायला घ्यायची. नातेवाइकांनी एव्हाना तिच्या नोकरीची चौकशी सोडून स्थळांची सुरू केली होती. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीतल्या एका कंपनीचा मेल आला. विमानाच्या एका पंपाचे आराखडे त्यांनी पाठवले होते. त्यावरून कॉम्प्युटरवर त्या पंपाचं सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येईल असं मॉडेल तयार करून मुदतीत पाठवायचं होतं. ज्यांचं काम पसंत पडेल त्यांनाच ते पुढं बोलावणार होते. मुलीनं तो मेल आम्हाला दोनदा वाचून दाखवला. ही नोकरी तिला मिळावी असं मला फार वाटलं. माझ्या स्वतःच्या बढतीच्या वेळीही मला काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

अडचण एवढीच होती, की तिचा जुना लॅपटॉप ते सॉफ्टवेअर उघडता उघडताच मान टाकायचा. नवा कॉम्प्युटर घ्यायचा घ्यायचा म्हणून आमच्या घरी सहा महिने बैठका चालल्या होत्या. त्या दिवशी बैठक न घेता आम्ही दोघं स्कूटरवरून सीताबर्डीला गेलो.

दुकानदार तरुण आणि भला माणूस होता. मुलीनं सांगितलेले सगळे भाग त्यानं काउंटरवर मांडले आणि म्हणाला, "काका, इथंच जोडून देतो ना. दोन घंट्यांत चालू करून, चेक करून घेऊन जा."

मी त्याच्याकडे बघून हसलो. हे दोन घंटे म्हणजे काय असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या साडूच्या कॉम्प्युटरमधला नवा भाग काढून दुकानदारानं जुना घातला, असा साडूचा संशय होता. साडूचे संशय आमच्या घराण्यात पुरावा म्हणून चालतात. शिवाय मी घरचा पंखा, इस्त्री आणि गिझर स्वतः दुरुस्त केलेला माणूस आहे. पैकी गिझर नंतर बदलावा लागला, पण तो जुनाच होता.

"घरीच जोडतो," मी म्हणालो.

दुकानदारानं मुलीकडे बघितलं. मुलगी डब्यांकडे बघत होती. येताना रस्त्यात मी तिला विचारलं, की मेलमध्ये मुदत नेमकी कधीची दिली आहे. मानेवाड्याच्या चौकात गर्दी होती, तिला ऐकू आलं नसावं. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "सोमवार, बाबा. सोमवारी बाराच्या आत."

म्हणजे शनिवार, रविवार आणि वर सोमवारची सकाळ. एक दिवस जोडायला, दीड दिवस तिच्या कामाला. मी मनातल्या मनात टिपणी लिहून तिला मंजुरीही देऊन टाकली.

आमच्या घराची एक रीत इथं सांगायला हवी. आम्ही नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाही. फ्रिजच्या मुठीवर सात वर्षांपूर्वीचं प्लास्टिक आहे, आता ते पिवळं पडून मुठीचाच भाग झालं आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो आणि पिशवीवरूनच बटणं दाबली जातात. स्कूटरच्या सीटचं प्लास्टिक उन्हानं फाटलं तेव्हा मी त्याला चिकटपट्टी लावली. कारण साधं आहे. वस्तू बिघडली, परत करायची वेळ आली, आणि कंपनीचा माणूस म्हणाला की प्लास्टिक कुठाय, तर आपण काय दाखवणार? मी स्वतः त्या माणसाच्या जागी असतो तर नक्की विचारलं असतं. एकदा बायकोनं मिक्सरवरचा कागद उत्साहाच्या भरात ओढून काढला होता. मिक्सर अकरा वर्षं उत्तम चालला, पण ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

शनिवारी सकाळी सातला बायकोनं रिकाम्या डब्यावर, म्हणजे ज्याला कॅबिनेट म्हणतात त्याच्यावर, कुंकवानं स्वस्तिक काढलं. हळद वाहिली. अक्षता टाकायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला आणि आत तांदळाचा दाणा जाता कामा नये असं बजावलं. तांत्रिक बाबतीत मी किती सावध होतो, हे यावरून दिसेल.

नऊच्या सुमारास मुलगी जुना लॅपटॉप पाठीवर टाकून निघाली. धंतोलीत तिची एक मैत्रीण राहते. तिचा भाऊ डॉक्टर आहे आणि घराच्या खालीच त्याचा दवाखाना आहे. "आराखडे समजून घेते तिच्याकडे बसून. इथं तुम्हाला अडचण होईल," मुलगी म्हणाली. मला ते पटलं. जोडणी चालू असताना लाभार्थी समोर नसलेला बरा.

मोबाइलवर मी एक व्हिडिओ लावून ठेवला होता. त्यातला गृहस्थ प्रत्येक वाक्याची सुरुवात "आता फक्त" अशी करत होता. आता फक्त हे बसवा, आता फक्त ते लावा. त्याच्या हातात भाग आपोआप बसत होते. माझ्या हातात ते विचार करत होते. तरी दीडपर्यंत मी मदरबोर्ड बसवला, त्यावर प्रोसेसर ठेवला, प्रोसेसरवर राखाडी मलम लावून त्याला थंड ठेवणारा धातूचा ठोकळा आणि पंखा बसवला, आणि सगळ्या वायरी जिथं शिरतील तिथं घातल्या. दोन स्क्रू उरले. ते कंपनीनं जादा दिले असावेत असं मी ठरवलं.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, निळे, हिरवे, जांभळे. लग्नाच्या मांडवात लागतात तसेच. पडदा मात्र काळाच राहिला. त्यावर एक छोटी पाटी फिरत होती, की सिग्नल नाही.

बायको दारात येऊन उभी राहिली. "चालू झालं का?"

"झालं."

"मग काही दिसत काहून नाही?"

बायकोचं माहेर काटोलकडचं आहे आणि ती नेमका प्रश्न विचारते. मी तिला सांगितलं, की कॉम्प्युटर चालू होणं आणि दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती म्हणाली, "असं." आणि स्वयंपाकघरात गेली. त्या एका शब्दानं माझा तासभर खराब केला.

व्हिडिओतल्या गृहस्थाकडे काळ्या पडद्यावरही एक व्हिडिओ होता. पडद्याची वायर मी मागच्या वरच्या भोकात लावली होती, ती खालच्या ग्राफिक्स कार्डाच्या भोकात हवी होती. लावली. पाटी तशीच. मग म्हणे मेमरीची पट्टी नीट बसली नसेल. मी ती बघितली. मला तर ती खुर्चीत बसल्यासारखी बसलेली दिसत होती. अजून दाबली तर मोडेल या भीतीनं मी तिला एका बोटानं गोंजारत होतो. बायको चहा घेऊन आली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सरका तुम्ही." कुकरचं झाकण बसवते त्याच जोरानं तिनं दोन्ही अंगठ्यांनी पट्टी दाबली. दोन्हीकडून खटखट असा आवाज आला. मी डोळे मिटले होते.

पडदा उजळला. त्यावर कंपनीचं चिन्ह आलं आणि मग आकड्यांनी भरलेलं एक पान. शनिवारचे चार वाजले होते. बायकोनं कप उचलले आणि जाताना म्हणाली, "दिसून राहिलं आता." मी मुलीला फोन करून कळवलं, की मुख्य अडथळा पार झाला आहे. तिनं "वा, बाबा" म्हटलं. मागून कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज येत होता, मी जास्त वेळ घेतला नाही.

आता फक्त विंडोज टाकायचं होतं. बघा, मीही "आता फक्त" म्हणायला लागलो होतो. मुलीनं पेनड्राइव्ह तयार करून ठेवला होता. तो लावला, भाषा निवडली, अटी न वाचता मान्य केल्या आणि टक्के चढायला लागले. बारा, अठरा, एकवीस. आणि खाडकन सगळं बंद. दिवे, पंखे, पडदा, सगळं. मला वाटलं लाइट गेली, पण छतावरचा पंखा आरामात फिरत होता. पुन्हा लावलं. या वेळी सतरावर बंद. तिसऱ्यांदा तर टक्के सुरू व्हायच्या आधीच.

रविवारचा अख्खा दिवस त्यात गेला. कारण शोधायला मला वेळ लागला नाही, कारण मे महिना होता आणि आपण नागपुरात होतो. नागपुरात मे महिन्यात काहीही बिघडलं की कारण तयार असतं. गाडी बंद पडली, ऊन. माणूस चिडला, ऊन. व्याही रुसले, तेही ऊन. कॉम्प्युटरच्या आकड्यांच्या पानावर प्रोसेसरचं तापमान दिसत होतं आणि ते माझ्या डोळ्यांदेखत वर वर चढत शंभराला टेकत होतं. आणखी काय पुरावा हवा? उलट मला थोडा अभिमानच वाटला, की निदान बिघाड कोणत्या शाखेतला आहे ते मी बरोबर ओळखलं.

मी उपाययोजना हाती घेतली. हॉलमधला मोठा कूलर ढकलत खोलीत आणला, त्याची खस भिजवली, तोंड कॉम्प्युटरकडे केलं. खिडकीला ओली चादर लावली. बायको आणि मी हॉलमध्ये उकाड्यात बसलो आणि कॉम्प्युटर खोलीत वाळ्याच्या गार वाऱ्यात बसला. जावयाचीही आमच्याकडे कधी इतकी बडदास्त झाली नसती. एवढं करून तो बावीस टक्क्यांवर बंद पडला. म्हणजे कूलरनं एक टक्का दिला. दुपारी साडूचा फोन आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दुकानदारानं जुना माल दिला." त्या क्षणी मला ते फारच पटलं, मनाला हलकं वाटलं. आपली चूक नसली की माणसाला असं वाटतं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास मुलगी घरी आली. चेहरा थकलेला होता पण शांत होता. खोलीच्या दारात उभी राहून तिनं ओली चादर बघितली, कूलर बघितला, जमिनीवर पसरलेले डबे बघितले.

"झालं का, बाबा?"

"होतंय. उद्या सकाळी होतंच. तुला दोन-तीन तास मिळतील. पुरतील ना?"

"पुरतील," ती म्हणाली. "तुम्ही सावकाश करा. जेवून घ्या आधी."

मुलीला वेळ उरला नव्हता आणि तीच मला सावकाश करा म्हणत होती, हे मला बघवेना. जेवण गेलं नाही. दोन वर्षं ही पोर वाट बघते आहे आणि मी माझ्या हट्टापायी तिची संधी घालवतो आहे, हे मला स्वच्छ दिसत होतं. दुकानदारानं दोन घंट्यांत करून दिलं असतं. मी बायकोला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "आता झोपा. सकाळी वरच्या भाऊंना बोलवू."

वरच्या मजल्यावर राहणारे भाऊ जळालेल्या मोटारी रिवाइंड करतात, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून देतात. बोअरवेलच्या, कूलरच्या, पिठाच्या गिरणीच्या. त्यांची गावाकडे संत्र्याची बाग आहे, भाऊबंद ती बघतात, आणि रविवारी हे तिकडे गेलेले असतात. एरवी मी त्यांना या कामासाठी कधीच बोलावलं नसतं. मोटार वेगळी आणि कॉम्प्युटर वेगळा, हे मी बायकोला आदल्या दिवशी दोनदा समजावलं होतं.

सोमवारी मी रजा टाकली. सकाळी सातला भाऊ बनियनवर शर्ट चढवत खाली आले. मी त्यांना तापमानाचा आकडा दाखवला, ऊन समजावलं, कूलरचा प्रयोग सांगितला. त्यांनी तो चालू करायला सांगितला. कॉम्प्युटर बंद पडल्याबरोबर त्यांनी आत हात घातला आणि प्रोसेसरवरच्या ठोकळ्यावर तळहात ठेवला.

"मले एक सांगा," ते म्हणाले. "आत शंभर डिग्री होऊन राह्यलं म्हंता. मंग हे वरचं लोखंड थंडंगार काहून हाय?"

मी म्हणालो, कूलरमुळे.

"तसं नसते गा. मोटर आतून जळून राह्यली तं बॉडी चटका देते. बॉडी थंडी अन् आतमंदी आग, म्हंजे मधात काहीतरी हाय. खोला बरं हे."

त्यांनीच चार स्क्रू काढून ठोकळा उचलला. ठोकळ्याच्या तळाला, आरशासारख्या चकचकीत पत्र्यावर, एक पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं होतं. त्यावर मी लावलेलं राखाडी मलम अगदी एकसारखं पसरलेलं होतं, घरी पोळीला तूप लावतो तसं. मलमातून ठळक अक्षरं दिसत होती. बसवण्याआधी हे काढावे, असं इंग्रजीत लिहिलं होतं.

ते मी वाचलेलं होतं. हे सांगायलाच हवं. शनिवारी सकाळी मी ते नीट वाचलं होतं आणि त्यावर विचारही केला होता. मी असा अर्थ लावला, की बसवणे म्हणजे कायमचे बसवणे. आपण तूर्त चाचणीसाठी बसवतो आहोत. भाग सदोष निघाला तर परत करावा लागेल आणि तेव्हा प्लास्टिक शाबूत असलेलं बरं. एकतीस वर्षं मी नियमांचे असेच अर्थ लावत आलो, आणि समोरचे लोक निमूटपणे घरी जात आले. प्रोसेसर गेला नाही. तो फक्त तापत राहिला.

भाऊंनी नखानं प्लास्टिकचा कोपरा उचलला आणि सर्रकन ओढून काढलं. मला उगाच कसंतरी झालं. "नवीन हाय म्हून ठेवलं असन," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात चिडवणं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. बायको दारात होती. तिनं फ्रिजकडे एकदा बघितलं.

कापूस आणि ड्रेसिंगचं स्पिरिट घेऊन मी प्रोसेसर पुसला. नळीत उरलेलं मलम लावलं, ठोकळा परत बसवला. तापमानाचा आकडा चाळीसच्या जरा वर जाऊन थांबला आणि तिथंच राहिला. नागपूरच्या उन्हाला मी विनाकारण बदनाम केलं होतं. पावणेनऊला पुन्हा विंडोज सुरू केलं. बावीस टक्के गेले, पन्नास गेले. भाऊ चहा पिऊन दुकानाला गेले. नव्वदला मी देवासमोर उभा राहावं तसा उभा होतो.

मुलगी कधीच निघून गेली होती. आज तिला खरं तर इथं थांबायला हवं होतं, पण ती म्हणाली, "धंतोलीला जाऊन येते, तुमचं झालं की फोन करा, वीस मिनिटांत येते." मी घाईत होतो, मान हलवली.

त्यानंतर कॉम्प्युटरनं इंटरनेट मागितलं. इंटरनेट लावायला लागणारं सॉफ्टवेअर इंटरनेटवर होतं. हे वाचून मला पहिल्यांदा या यंत्राबद्दल आपुलकी वाटली. आमच्या कार्यालयातही रहिवासी दाखल्यासाठी रहिवासाचा दाखला लागतो. शेवटी मोबाइल वायरनं जोडून त्याचं नेट दिलं, तेव्हा गाडी पुढं सरकली. मग मुलीचं सॉफ्टवेअर. ते उतरायला तासभर लागला आणि तो सबंध तास मी घड्याळ आणि पडद्यावरची पट्टी यांच्या मधोमध बसून होतो. अकरा वाजून वीस मिनिटांनी सॉफ्टवेअर उघडलं. करड्या रंगाची मोकळी पाटी समोर आली, काम करायला तयार. मी फोन लावला.

"झाला. चालू झाला, सॉफ्टवेअर पण उघडलं. अजून चाळीस मिनिटं आहेत. रिक्षा कर आणि ये. जेवढं झालंय तेवढं पाठवू, मी त्यांना फोन करून सांगतो हवं तर, की तांत्रिक अडचण होती, थोडी मुदत..."

"बाबा," ती म्हणाली. "पाठवलं मी."

"कधी?"

"काल. चार वाजता. इथल्या कॉम्प्युटरवर केलं, डॉक्टरदादाच्या. ते एक्सरे बघायला वापरतात, चांगला आहे तो."

मी खुर्चीवर बसलो. मला हायसं वाटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. मग मी म्हणालो, "अगं, मग एवढी घाई कशाला केलीस? सोमवार बारापर्यंत वेळ होता. आणखी नीट तपासून पाठवलं असतंस."

तिकडून दार लोटल्याचा आवाज आला.

"मुदत कालची होती, बाबा. रविवार, संध्याकाळी पाच."

"तू सोमवार म्हणालीस."

"हो. तुम्हाला सोमवार सांगितलं." मग म्हणाली, "काल पाच वाजता तुमचं तोंड मला पाहवलं नसतं."

मी विचारलं, हे तिनं कधी ठरवलं. ती म्हणाली, "शुक्रवारीच." म्हणजे एकही डबा उघडायच्या आधी. मी विचारलं, आईला माहीत होतं का. ती म्हणाली, "हो."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या मोकळ्या पाटीसमोर बसून राहिलो. वाईट वाटत होतं. राग आला असता तर बरं झालं असतं, पण रागावण्यासारखं काही सापडत नव्हतं. तिचं काम झालं होतं, वेळेत झालं होतं, आणि ते माझ्यावर अवलंबून नव्हतं म्हणूनच झालं होतं. बायकोनं ताट वाढलं. मी जेवलो. दोघांनाही माहीत असलेली गोष्ट ताटात वाढलेल्या चटणीसारखी मध्ये होती आणि आम्ही तिला हात लावला नाही.

पुढच्या आठवड्यात तिला बोलावणं आलं आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात नोकरी. मी पेढे आणले. भाऊ खाली आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरीनं नाव काढलं. पण बाप तीन दिवस घाम गाळून राह्यला होता, सोमवारी तं मी पाह्यलं ना डोळ्यानं. त्याच मशीनवर केलं ना वं सारं काम?"

माझ्या हातात पेढ्यांचा डबा होता. बायको खाली बघत होती. मुलगी लगेच म्हणाली, "हो ना, काका. बाबांनी जोडला म्हणून झालं सगळं."

तिनं हे इतक्या सहज म्हटलं, की ती किती दिवसांपासून असं बोलत आली असेल याचा मला हिशेब लागेना. भाऊंनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मी त्यांच्यापुढे डबा धरला आणि नाही म्हणालो नाही.